कापायला दिलेलं कडवं

साउथहॅम्प्टनमध्ये माझं जुन्या रेकॉर्ड्स आणि हाय-फायचं दुकान आहे. बोटीवर केबिन साफ करत या देशात आलो, रविवारच्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, एक फोल्डिंग टेबल मांडलं आणि त्या टेबलाचं दुकान केलं. कोणी मदत केली नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या मराठी मंडळात ते सांगायची संधी मिळत नाही. तिथे लोक विचारतात, "कोणत्या हॉस्पिटलला?" कोणत्याच नाही म्हटलं की विचारतात, "मग आयटी?" तेही नाही म्हटलं की समोशाकडे वळतात.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. एका वर्षासाठी, तात्पुरते म्हणून ते अध्यक्ष झाले, त्याला अकरा वर्षं झाली. माणसं गुंगीत ठेवायचा त्यांना आयुष्यभराचा अनुभव आहे, त्यामुळे कोणाच्या ते लक्षात आलं नसावं.

माझं त्यांच्याशी वाकडं आहे, आणि ते का, तेही सांगतो. आमचा गणपती दरवर्षी एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, शनिवारी असतो. अडीचशे माणसांचं जेवण. सकाळी सातपासून माझी बायको आणि तिच्याबरोबर सातजणी स्वयंपाकघरात असतात. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मध्ये वाढायची एक मोठी खिडकी आहे आणि तिला लोखंडी शटर आहे. कार्यक्रम सुरू झाला की शटर खाली. मग हॉलमध्ये आरती होते आणि शटरमागे पुऱ्या तळल्या जातात, कारण आरती संपल्या संपल्या लोकांना गरम पुरी लागते. चौदा वर्षं माझ्या बायकोने बाप्पाची आरती शटरमधून ऐकली आहे. शेवटी आभार मानतात तेव्हा बॅनर देणाऱ्या इस्टेट एजंटचं नाव येतं, माईकवाल्याचं येतं, आणि मग येतं, "ज्ञात-अज्ञात सर्व हातांचे आभार." त्यातली अज्ञात म्हणजे माझी बायको.

तीन वर्षांपूर्वी मी वार्षिक सभेत उभा राहून म्हटलं, जेवण अर्धा तास उशिरा ठेवा, शटर वर करा, या बायकांना आरती करू द्या. सर म्हणाले, "धूर बाहेर आला की फायर अलार्म वाजतो." मी म्हटलं, इतक्या वर्षांत कधी वाजलाय? ते म्हणाले, "शटर खाली असतं म्हणूनच वाजला नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की पुढचं मला फारसं आठवत नाही. पण सर काय म्हणाले ते आठवतं. म्हणाले, "तुम्ही बसा हो. हा काही बाजार नाही."

लोक हसले. मी बसलो. तेव्हापासून मी हा हिशेब मनातून काढलेला नाही आणि काढणारही नाही.

पुढच्या दोन्ही वर्षी मी शटरवर समूहगीत लिहून पाठवलं. आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमाची संहिता पंधरा दिवस आधी सरांना ईमेल करावी लागते. पूर्वी एका नाटुकल्यात कोणाच्या तरी घराच्या एक्स्टेन्शनवर विनोद झाला होता, तेव्हापासूनचा हा नियम. सर ट्रॅक चेंजेस लावून, लाल रंगात दुरुस्त्या करून परत पाठवतात. माझं गीत दोन्ही वेळा डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन आलं. खाली एकच ओळ: "नॉट इन फेस्टिव्ह मूड."

यंदा उन्हाळ्यात एका बाईंचा फोन आला. रेकॉर्ड्सचं खोकं विकायचंय, उचलवत नाही, तुम्ही घरी या. बंदराजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक पंचाहत्तरीच्या, बुटक्या, चांदीची मोठी कर्णफुलं घातलेल्या बाई. ब्राझीलच्या. बोटीवरच्या एका इंग्रज इंजिनिअरशी लग्न करून इथे आल्या; तो आता नव्हता. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, पण मला त्या त्यांच्या भाषेतलं "सेन्योर" म्हणायच्या.

माल घ्यायची माझी एक पद्धत आहे. सगळ्यात वाईट रेकॉर्ड आधी उचलायची, उजेडात धरायची, उसासा टाकायचा. जी हवी आहे तिच्याकडे बघायचंही नाही. मी तिसरा उसासा टाकला तेव्हा बाई कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "सेन्योर, ज्या रेकॉर्डकडे तुम्ही बघत नाही आहात, ती विकायची नाही."

तीस वर्षांत मला कोणी असं पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "कोणती?"

"कोपऱ्यातली. निळ्या कव्हरची."

बाकीचं खोकं त्यांनी चांगल्याच चढ्या भावात माझ्या गळ्यात घातलं. मी दोनदा दारापर्यंत गेलो, त्यांनी दोनदा मला जाऊ दिलं. शेवटी मीच परत आलो. सौदा झाल्यावर मी विचारलं, त्या निळ्या रेकॉर्डमध्ये एवढं काय आहे?

त्यांनी कव्हरमधून घडी घातलेला पिवळा कागद काढला. टाइप केलेलं गाणं. त्यावर गोल शिक्का आणि चार ओळींवर लाल पेन्सिलीच्या जाड रेघा.

मला सरांचं ईमेल आठवलं.

त्यांच्या तरुणपणी ब्राझीलमध्ये लष्कराचं राज्य होतं. बाई एका रेकॉर्ड कंपनीत टायपिस्ट होत्या. गाणं ध्वनिमुद्रित करायच्या आधी त्याचे शब्द सरकारी कचेरीत तपासायला द्यावे लागत. शब्द टाइप करायचे, प्रती काढायच्या, बसने कचेरीत न्यायच्या आणि खिडकीवरच्या कारकुनाला द्यायच्या, हे त्यांचं काम. आठवड्याने जाऊन लाल रेघा मारलेले कागद परत आणायचे.

"तो कारकून वाईट नव्हता," बाई म्हणाल्या. "त्याला बाराही महिने सर्दी असायची. पण त्याने काही कापलं नाही तर वरचा साहेब विचारणार, दिवसभर काय केलंस? मग आम्ही त्याला कापायला द्यायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन ओळी अशा घालायच्या की त्या त्याला दिसल्याच पाहिजेत. कोळणीचं गाणं असेल तरी मधेच जनरलचे बूट आणायचे. तो बूट कापायचा, खूश व्हायचा, शिक्का मारायचा. आम्हाला जे हवं होतं ते खाली कुठेतरी गप्प बसलेलं असायचं."

मी खुर्चीत सरळ झालो. ही तर माझीच विद्या. शंभर सांगायचे, साठवर यायचं आणि समोरच्याला वाटलं पाहिजे की चाळीस त्यानेच पाडले. ही गोष्ट मी ऑडिओ ॲम्प्लिफायरवर आयुष्यभर केली आणि गाण्यावर करायची मला एकदाही सुचली नाही.

निळ्या रेकॉर्डवरचं गाणं त्यांनी लावलं. एका घरात एका रात्रीपुरता पाहुणा येतो, चांगली खुर्ची बघून बसतो आणि मग जातच नाही; घरातली बाई रोज त्याला विचारते, कॉफी देऊ की टोपी देऊ? चाल इतकी हलकीफुलकी की पाय आपोआप हलावा. बाई हातातली काड्यापेटी दोन बोटांनी वाजवत होत्या. काड्या अर्ध्याच हव्यात, म्हणाल्या. भरलेली पेटी मुकी असते. पाहुणा म्हणजे कोण, हे कारकुनाला कळलं नाही, पण सगळ्या शहराला कळलं. दोन महिन्यांनी लष्करालाही कळलं आणि रेकॉर्ड्स दुकानांतून उचलल्या गेल्या. पुढे तो गायक मैफलीत ते गाणं नुसतं गुणगुणायचा. शब्द एकही नाही. शब्द समोर बसलेले लोक म्हणायचे.

मी भारावून गेलो आणि म्हणालो, "आमच्या मंडळातही अगदी असाच एक हुकूमशहा आहे."

काड्यापेटी थांबली.

"त्याने कोणाला उचलून नेलं?" बाईंनी विचारलं.

"नाही, तसं नाही..."

"आमच्या ऑफिसात कव्हरं रंगवणारा एक जण होता. हे निळं त्याचं. एका सकाळी तो आला नाही. त्याचा कप टेबलावर तसाच. महिनाभर कोणी तो कप धुतला नाही, कारण धुतला असता तर तो येणार नाही हे मान्य केल्यासारखं झालं असतं. आला नाही तो. कधीच." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमच्या हुकूमशहाने काय केलं?"

मी मान खाली घालून म्हटलं, "माझ्या बायकोला आरती करू देत नाही. आणि त्यावरचं माझं गाणं लाल करून परत पाठवतो."

"मग त्याला हुकूमशहा म्हणू नका. आडमुठा म्हणा." मग त्यांनी काड्यापेटी पुन्हा उचलली. "आडमुठ्यांवरही ही युक्ती चालते. गाणं दाखवा तुमचं."

तिथेच बसून मी नवीन गीत रचलं. शटरचं कडवं तिसरं, मुद्दाम साधं:

शटर जरा वर करा, बाप्पा आम्हां दिसू द्या,
चौदा वर्षं पुऱ्या तळल्या, एक आरती करू द्या.

आणि कापायला म्हणून तीन कडवी. एक पार्किंगवर. एक इस्टेट एजंटच्या बॅनरवर, ज्यात त्याचा चेहरा बाप्पापेक्षा मोठा असतो. आणि एक थेट सरांवर, त्यांच्या गोल्फच्या वेडावर:

सरांचा चेंडू गेला कुठे, शोधून दमलं गाव,
अकरा वर्षं खुर्ची मात्र सोडत नाही ठाव.

इथे माझी चूक झाली. हे गोल्फचं कडवं इतकं छान जमलं की मी त्याच्या प्रेमात पडलो. दुकानात गिऱ्हाइकांना म्हणून दाखवलं. त्यांना मराठी येत नव्हतं तरी दाखवलं. घरी बायको कणीक मळत होती, तिला तर अख्खं गीत चारदा ऐकवलं.

"अहो, ते कापण्यासाठीच लिहिलंय ना?" ती म्हणाली.

"हो. पण कापलं तर मी त्यांना सोडणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मळत राहिली.

ईमेल पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. पार्किंग लाल. बॅनर लाल. गोल्फचं कडवं मात्र सरांनी ठेवलं होतं. नुसतं ठेवलं नव्हतं, दुसरी ओळ स्वतःच्या हाताने सुधारली होती:

सरांचा चेंडू गेला कुठे, शोधून दमलं गाव,
हँडिकॅप बारा आहे, सरांचं मोठं नाव.

हँडिकॅप बारा म्हणजे गोल्फ चांगलं खेळणारा. बाजूला टीप: "गुड फन. मलाही विनोद कळतो." आणि शटरचं कडवं लाल.

मी फोन उचलला. बायकोने तो माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या पिशवीत टाकला आणि हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला निघून गेली. दिवसभर माझ्याकडे फोन नव्हता. त्या दिवशी माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाई पोट धरून हसल्या. "त्याला त्याचंच नाव कापायला दिलंत, सेन्योर? आम्ही जनरलचे बूट द्यायचो. नाव कधीच नाही. स्वतःचं नाव कोण कापेल?"

"आता?"

"आता गुणगुणा."

"पण लोकांना शब्द कुठे माहीत आहेत?"

हे मी संध्याकाळी बायकोलाही म्हटलं. गुणगुणायला ऐकणाऱ्यांना शब्द पाठ लागतात, आणि आपल्या अडीचशेंना राष्ट्रगीताचे धड पाठ नाहीत.

"मला पाठ आहेत," बायको म्हणाली.

"तुला असतील. तू चारदा ऐकलंयस."

"मी आमच्या ग्रुपवर टाकलं होतं. मोदकांच्या पारीची प्रॅक्टिस करताना आम्ही म्हणत असतो. आठहीजणींना पाठ आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "यंदा माझं शेवटचं वर्ष आहे हो. गुडघे राहिले नाहीत. एकदा समोर उभं राहून करायची होती आरती, एवढंच. तुमचं ते बाजाराचं भांडण तुमच्यापाशी."

चौदा वर्षांत तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं. मी सभेत जे बोललो ते तिच्यासाठी बोललो असं मी समजत होतो. ते तिला विचारून बोललो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

गणपतीचा शनिवार आला. ब्राझीलच्या बाई पाहुण्या म्हणून शेवटच्या रांगेत, हिरव्या ड्रेसमध्ये. सर पहिल्या रांगेत, जॅकेट आणि सोवळ्याच्या मधल्या कुठल्याशा पोशाखात. मी आणि आमचे चारजण स्टेजवर. शटर खाली.

पहिलं कडवं झालं. दुसरं गोल्फचं. हँडिकॅप बाराला सरांनी मान हलवली आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. मग मी माईकजवळ गेलो आणि तिसरं कडवं गुणगुणायला लागलो. नुसती चाल. मागचे चौघंही. शेवटच्या रांगेतून काड्यापेटी वाजायला लागली.

सरांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. गुणगुणण्याला ट्रॅक चेंजेस लावता येत नाहीत.

आणि शटरमागून शब्द आले. आठ बायका, भांड्यांच्या आवाजासकट: "शटर जरा वर करा..." दुसऱ्यांदा चाल धरली तेव्हा शटर खडखडलं. आधी खालून वीतभर, त्यातून एक कणकेचा हात दिसला. मग एकदम वर गेलं. आठ चेहरे, घामाने डबडबलेले, डोक्याला टोप्या, हातात झारे, आणि तोंडाने "एक आरती करू द्या." लोक वळून बघायला लागले. टाळ्या सुरू झाल्या. मी सरांकडे बघितलं, आणि खरं सांगतो, आयुष्यात मला कुठल्या सौद्यात एवढं बरं वाटलेलं नाही.

ते सुख जेमतेम अर्धं मिनिट टिकलं. कारण आठहीजणी गात होत्या, तेव्हा पुऱ्यांकडे कोणीच बघत नव्हतं. कढईतला निळसर धूर खिडकीतून हॉलमध्ये आला, आरामात वर गेला, आणि अलार्म वाजला.

सर पहिल्यापासून बरोबर सांगत होते. हे मला इथे लिहावं लागतंय.

शाळेचा केअरटेकर धावत आला. "एव्हरीबडी आउट, प्लीज. लीव्ह युअर बिलाँगिंग्ज." कोणीतरी गॅस बंद केला. अडीचशे माणसं कार पार्ककडे निघाली. केअरटेकर ओरडत होता की काही उचलू नका, आणि सर, ज्यांनी आयुष्यभर फायर ड्रिलचे नियम पाळले आणि पाळायला लावले, ते स्टेजवर चढले, बाप्पाची मूर्ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चालू लागले. केअरटेकर म्हणाला, "सर, नो बिलाँगिंग्ज." सर म्हणाले, "ही इज नॉट माय बिलाँगिंग." मी त्यांच्या मागोमाग पूजेचं ताट घेऊन निघालो. दुसरं काय करणार.

स्वयंपाकघराचं मागचं दार थेट कार पार्कमध्ये उघडतं. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा आठजणी असेंब्ली पॉइंटच्या हिरव्या पाटीखाली सगळ्यांच्या आधी उभ्या होत्या. बाकीचे मागे. सरांनी शाडूची जड मूर्ती छातीशी धरलेली, खाली ठेवायला जागा नाही, कारण खाली डांबर. आरतीची वेळ झालेली. आरती दरवर्षी सर करतात. सरांचे दोन्ही हात अडकलेले.

त्यांनी ताटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बायकोकडे बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही घ्या."

मी ताट तिच्या हातात दिलं. तिने ॲप्रनला हात पुसले, डोक्यावरची टोपी काढली. बंदराकडून वारा होता, निरांजन पेटेना. ब्राझीलच्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी काड्यापेटी पुढे केली. सातजणींनी ॲप्रन धरून वाऱ्याला भिंत केली. तिसऱ्या काडीला वात लागली. माझी बायको समोर उभी राहिली आणि चौदा वर्षांनी तिने बाप्पाला ओवाळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवत आरती म्हटली, पार्क केलेल्या गाड्यांच्या मध्ये. तिचा आवाज कधी नव्हे तो सगळ्यात वर होता. तिच्या कानामागे कणीक लागली होती, ती मी काढली नाही.

माझ्या ध्यानात एक गोष्ट मात्र जरा उशिरा आली. मूर्ती सरांच्या छातीशी होती. तिने ताट जेवढ्या वेळा बाप्पाभोवती फिरवलं, तेवढ्या वेळा ते सरांभोवतीही फिरलं. म्हणजे माझ्या बायकोने त्या माणसाला भर कार पार्कमध्ये, अडीचशे लोकांसमोर यथासांग ओवाळलं. आणि तो माणूस डोळे मिटून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने असेल.

ब्राझीलच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना हळूच सांगितलं की आमच्याकडे असं ओवाळणं म्हणजे काय. त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत राहिले.

पुऱ्या जळल्या होत्या. लोकांनी भाताबरोबर जेवण केलं, आणि पहिल्यांदाच आठहीजणी पंगतीत बसल्या, कारण गरम वाढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आभाराच्या वेळी सरांनी खिशातून कागद काढला, त्यावर पेनने काहीतरी खोडलं आणि "ज्ञात-अज्ञात" च्या जागी आठ नावं वाचली. दोन चुकीची वाचली, पण वाचली.

घरी जाताना गाडीत मी म्हटलं, "नावं घेतली ते ठीक. पण 'हा बाजार नाही' म्हणाले होते, त्याबद्दल अजून चकार शब्द नाही."

बायकोने सीट मागे केली, गुडघे लांब केले आणि डोळे मिटले.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येईन. एक्झॉस्ट फॅन बसवून घ्या म्हणावं त्यांना. आणि ते तुम्ही बोलू नका. मी बोलेन."